सातव्या गाण्याची जागा

"बाई, अर्धं पाऊल डावीकडे. अजून थोडं. हं, बास. आता हलू नका."

दिवेवाला वरच्या माळ्यावरून ओरडला आणि माझ्या डोक्यावर निळा उजेड पडला. पायाखाली पांढऱ्या चिकटपट्टीची फुली होती. सकाळपासून त्या फुलीवर मी सहा देश होऊन गेले होते, आता सातवा व्हायचा होता.

मी बदली गायिका आहे. आमच्या भागातल्या देशांची गाण्याची स्पर्धा दर वर्षी आमच्याच शहरातल्या मोठ्या सभागृहात होते. खरे गायक शेवटच्या आठवड्यात येतात. त्याआधी दिवे, कॅमेरे, पडदे जुळवायचे तर फुलीवर उभं राहून कुणीतरी गायला हवं ना? ते कुणीतरी म्हणजे मी. एरवी मी पाणीखात्यात तक्रारींचे फोन घेते. तिथे लोक माझ्यावर ओरडतात, इथे दिवेवाला ओरडतो, एवढाच फरक.

या कामाचा नियम एकच. सूर धरायचा, जीव ओतायचा नाही. पहिल्या वर्षी मी हौसेनं गळा मोकळा सोडला, तेव्हा मंच सांभाळणाऱ्या मॅडमनी मला बाजूला घेतलं. "तुमचं ऐकायला कुणी आलेलं नाही," त्या म्हणाल्या, "कॅमेरा फक्त बघतोय." तेव्हापासून मी बेतानं गाते. त्याची इतकी सवय झाली की आमचे हे गेले तेव्हाही मी सगळं बेतानंच केलं. डॉक्टरांशी बोलले, सह्या केल्या, आलेल्यांना पाणी दिलं, सासूबाईंना धरून बसवलं. लोक म्हणाले, रडून घे, मोकळी हो. मला रडू येईना. नंतरही आलं नाही. भूक लागली की नाही हेसुद्धा मी घड्याळात बघून ठरवत होते.

सातवं गाणं बाहेरच्यांचं होतं. म्हणजे समुद्रापलीकडच्या एका देशाचं. नकाशा कसाही धरा, तो देश काही आमच्या भागात येत नाही. पण ते कित्येक वर्षं मागे लागले होते, आम्हालाही घ्या म्हणून. यंदा त्यांचं गाणं मागवून घेतलं होतं, पण त्यांना घ्यायचं की नाही हे सदस्य देशांच्या बैठकीत ठरणार होतं. तोवर त्यांची गायिका तिकडे सामान बांधून बसली होती आणि इकडे तिच्या जागी मी उभी होते.

चहाच्या वेळी रोज त्यावरूनच जुंपायची.

"अहो, नावातच आपला भाग आहे," दिवेवाला म्हणाला. "मग बाहेरच्यांचं इथे काय काम? उद्या चंद्रावरून अर्ज आला तर त्याच्यावरही दिवा टाकू का मी?"

"गाणं चांगलं असेल तर टाका की," मॅडम म्हणाल्या. "आपल्याकडे सगळे शेजाऱ्याला मत देतात. बाहेरचा आला तर निदान गाणं ऐकून तरी देतील."

"त्याला कोण देणार? त्याला शेजारीच नाही."

सगळे हसले. मीही हसले, कारण ती हसायची जागा होती.

त्या निळ्या उजेडात त्या दिवशी सातवं गाणं मी पहिल्यांदा पूर्ण म्हटलं. शब्द आपल्या अक्षरांत लिहून दिले होते, अर्थ कुणी सांगितला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. पहिलं कडवं सरळ गेलं. दुसऱ्या कडव्यात चाल वर चढते, आणि आता खाली येईल असं वाटतं तर येतच नाही. दाराशी कुणी घुटमळावं तशी तिथेच थांबते. तिथे माझा घसा भरून आला. मी घाबरले. आवंढा गिळून पुढचं म्हटलं. फुलीवरून उतरल्यावर मला बरं वाटत होतं. हे गेल्यापासून मला पहिल्यांदाच काहीतरी झालं होतं. मग रोज मी सहा देश नुसते उरकायची आणि सातव्याची वाट बघायची.

घरी सासूबाई दिवेवाल्याच्याच बाजूच्या.

"घेऊच नये त्यांना," त्या टीव्हीवरच्या बातम्या बघत म्हणाल्या. "आपण आपले एवढे जण. आपल्यालाच बक्षीस पुरत नाही."

आमच्या घरी ही स्पर्धा आम्ही तिघं मिळून बघायचो. हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि दर गाण्यानंतर मला म्हणायचे, "तुझं बरं होतं." सासूबाई म्हणायच्या, "तू कुठे ऐकलंस रे तिचं?" तर म्हणायचे, "ऐकायला कशाला हवं?" ती खुर्ची आता नणंदेकडे आहे. सासूबाईंना ती रिकामी बघवेना, त्यांनीच पाठवली. फरशीवरच्या जाजमावर तिच्या चार पायांचे वण तेवढे राहिलेत. झाडताना मी त्यांना वळसा घालून झाडते.

एकदा भांडी घासताना मी ते सातवं गुणगुणत होते. मागे बघते तर सासूबाई दारात.

"हे कुठलं गं?"

"बाहेरच्यांचं, आई. सातवं."

"अर्थ काय त्याचा?"

"माहीत नाही."

"बरंय मग," त्या म्हणाल्या. पण गेल्या नाहीत. मी शेवटचं भांडं पालथं घालेपर्यंत दाराला धरून उभ्या होत्या.

बैठकीचा निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी आला. बाहेरच्यांना घ्यायचं नाही. मॅडमनी चष्मा पुसत पुसत तो सांगितला. दिवेवाला जिंकला होता, पण त्याचाही चेहरा पडला. त्या गाण्यासाठी त्यानं निळा उजेड फार जपून बांधला होता.

"आता सातव्या जागी जाहिराती जातील," मॅडम म्हणाल्या. "पण पुढच्या सगळ्या दिव्यांची वेळ सातव्या गाण्यावर बांधलीय. बाई, आजच्या दिवस तुम्ही फुलीवर उभ्या राहा. गाऊ नका. वेळ भरली की उतरा."

"गुणगुणलं तर चालेल?"

"कशाला उगाच? आता ते गाणं आपलं नाही."

मी उभी राहिले. निळा उजेड आला, कॅमेरा सरकत जवळ आला, लांब गेला. मनातल्या मनात पहिलं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं, चाल वर चढली. घसा काही भरून आला नाही. मला खूप वाईट वाटायला हवं होतं, आणि तेही वाटलं नाही. वेळ भरली, मी उतरले. दिवेवाला म्हणाला, "छान उभ्या राहिलात." त्याला बिचाऱ्याला दुसरं काय सुचणार?

स्पर्धेच्या संध्याकाळी बदली गायिकेला काम नसतं. मी आणि सासूबाई टीव्हीसमोर बसलो. सहा गाणी झाली. प्रत्येक गाण्यानंतर आमच्या दोघींची नजर खिडकीकडे जात होती, तिथून कुणीतरी काही म्हणेल अशी. मग जाहिरात लागली, साबणाची. सासूबाईंनी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

"म्हण," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ते, बाहेरच्यांचं. त्यांचीच वेळ आहे ना ही?"

"आई, तुम्हीच म्हणत होतात ना, घेऊ नये..."

"म्हणत होते. तू म्हण."

मी उठले. सवयीनं खाली बघितलं, फुली कुठे आहे ते. फुली नव्हती, खुर्चीच्या पायांचे वण होते. मी त्या चार वणांच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

आवाज कमी ठेवायला सांगणारं तिथे कुणी नव्हतं. मी गळा सोडला. दुसऱ्या कडव्यात चाल वर चढून थांबली आणि मला काही थांबता येईना. आवाज फाटला, सूर कुठल्या कुठे गेला, नाकातोंडातून पाणी येत होतं. मी तशीच म्हणत राहिले, जे शब्द आठवत होते ते. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. हातातला रिमोट छातीशी धरून त्या पडद्याकडेच बघत होत्या.

माझं संपलं तेव्हा जाहिराती केव्हाच संपल्या होत्या. पडद्यावर पुढच्या देशाची मुलगी लाल झग्यात उभी होती आणि जीव तोडून गात होती. सासूबाईंनी तिचा आवाज लावला नाही.