परातीतल्या दोन कोंबड्या

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. जन्मभर लोकांची मापं घेऊन त्यांची नजर इतकी तयार झाली होती की गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याचं पोट किती सुटलंय हे टेप न लावता कळायचं. पण कोंबडी? कोंबडी कशी निवडायची, हे त्या माणसाला उभ्या जन्मात ठाऊक नव्हतं. घरात कोंबडी यायची, शिजायची, ताटात पडायची. ती कुठून आली, कोणी कापली, हा सगळा बायकोचा कारभार. मास्तरांनी त्यात कधी नाक खुपसलं नाही. आता बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं, यहुदी नवीन वर्षाचा सण तोंडावर आला होता, आणि लेक फोनवर म्हणत होती, "बाबा, यंदा आम्ही दोघं तुमच्याकडेच जेवू."

मास्तरांनी आधी "या, या" म्हटलं आणि मग आपण काय कबूल केलं ते त्यांच्या ध्यानात आलं.

त्याचं असं होतं. जावई पहिल्यापासून धर्माचं काटेकोर पाळणारा. लग्नानंतर लेकही तशीच झाली. खाणं यहुदी धर्मनियमांत बसणारं, म्हणजे कोशेर, आणि कोशेर म्हणजे अगदी कोशेर, थोडंफार चालवून घेणं नाही. गेल्या सणाला दोघं आली ती आपले डबे आणि कागदी ताटल्या घेऊनच. बायकोनं हसतमुखानं पाणी दिलं, गप्पा मारल्या, आणि ती गेल्यावर भांडी घासता घासता ढसाढसा रडली. "माझ्या घरात माझी लेक डब्यातलं खाते हो," एवढंच म्हणाली. मग तिनं नवीकोरी भांडी आणली, पातेल्यापासून चमच्यापर्यंत सगळी, नियमाप्रमाणे धार्मिक स्नानाच्या कुंडात बुडवून घेतली, आणि कापडात बांधून कपाटात ठेवली. "आता लेक यात जेवेल," म्हणाली. तो दिवस काही तिला दिसला नाही.

तेव्हा मास्तरांना आता जगात दुसरं काही नको होतं. लेकीनं त्या भांड्यांतलं पोटभर जेवावं, बस्स.

"मटणाच्या वाटेला जाऊ नका बाबा," लेकीनं फोनवर बजावलं होतं. "त्यात शिरा काढायच्या, चरबी काढायची, फुप्फुस तपासलंय की नाही ते बघायचं, फार भानगडी असतात. कोंबडी आणा. आणि पाटी बघून भुलू नका हं. पाटी कोणीही लावतं. प्रमाणपत्र बघा, कोणाची सही आहे, कधीपर्यंतचं आहे ते बघा. शिक्का बघा. एक पंखाला असतो, एक पिशवीला. कळलं ना?"

"हो हो, कळलं," मास्तर म्हणाले. डोंबल कळलं होतं. सही, तारीख, पंख, पिशवी सगळं डोक्यात एकमेकांत गुंतून बसलं.

सणाच्या दिवशी सकाळीच ते बायकोच्या नेहमीच्या दुकानात गेले. सूर्य मावळला की सण लागणार, आणि दुपारीच सगळी दुकानं बंद होणार. दुकानावर सोनेरी अक्षरांत हे एवढं मोठं 'कोशेर' लिहिलेलं. मास्तर पाटीखाली उभे राहिले आणि त्यांना आठवलं की पाटी बघायची नाही. मग काय बघायचं? आत भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्यामागून प्रमाणपत्राचा एक कोपरा डोकावत होता. मास्तरांनी मान वाकडी करून तारीख वाचली. दोन वर्षांपूर्वीची. म्हणजे संपलं म्हणायचं की पूर्वीपासून आहे म्हणून जास्त खात्रीचं म्हणायचं? माणूस जुना असला की आपण त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो, मग कागदाचं का तसं नसावं?

"मास्तर ना तुम्ही?" गल्ल्यावरचा नवा मालक म्हणाला. "तुमच्या मिसेस नेहमी इथूनच न्यायच्या. फार सज्जन बाई."

झालं. अशा वेळी माणूस काय करणार, कॅलेंडर बाजूला सारून सह्या तपासणार? त्यांनी मुकाट्यानं एक कोंबडी घेतली. पिशवीवर एक निळा स्टिकर होता. पंखाला काहीही नव्हतं.

रस्त्यात त्यांना राहवेना. ते प्रार्थनालयाच्या दारात गेले. तिथले गुरुजी सणाच्या गडबडीत होते. त्यांनी स्टिकर पाहिला, भुवया वर केल्या, आणि म्हणाले, "मास्तर, मी वाईट आहे असं म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणतो. पलीकडच्या रस्त्यावर दुकान आहे, तिथं आमचा माणूस दिवसभर देखरेखीला बसतो. तिथून घ्या."

"म्हणजे ही चालणार नाही?"

"मला माहीत नाही म्हटलं ना."

आता याला काय उत्तर म्हणायचं! वाईट नाही, चांगली नाही, माहीत नाही. मास्तर कपाळावर हात मारून पलीकडच्या रस्त्यावर गेले. तिथं सगळं लखलखीत होतं. प्रमाणपत्र समोर, यंदाचं, सही ठळक. दाढीवाले एक गृहस्थ खरंच स्टुलावर बसून एकेका पिशवीकडे बघत होते. कोंबडीच्या पंखाला धातूची चकती, पिशवीला दुसरा शिक्का. मास्तरांना हायसं वाटलं. दुसरी कोंबडी घेऊन ते घरी निघाले. पहिलीचं काय करायचं, ते घरी गेल्यावर बघू.

घरी पोचताहेत तोच मेहुण्याचा फोन. बायकोचा धाकटा भाऊ. चष्म्याच्या दुकानात कामाला, पण प्रत्येक गोष्टीत वाद घालायचा म्हणून सगळे त्याला बॅरिस्टर म्हणायचे. मास्तरांनी फोन कान आणि खांद्यात दाबला आणि सकाळची हकिकत सांगत कामाला लागले. कोंबड्या गोठलेल्या होत्या, पाण्यात घालायला हव्या होत्या.

"दाजी, दोन दोन कोंबड्या कशाला? ताईनं त्या दुकानातून आणलं, आपण सगळ्यांनी खाल्लं, मेलो का?"

"मरायचा प्रश्न नाही रे, कोशेरचा प्रश्न आहे."

"मग आम्ही इतकी वर्षं काय खात होतो?"

"ते मला काय विचारतोस? मी फक्त खात होतो!"

"मी सांगतो ना. पाटी लावली की जबाबदारी दुकानदाराची. पाप लागलं तर त्याला लागेल."

"आणि गुरुजी माहीत नाही म्हणाले, त्याचं काय?"

"गुरुजींना माहीत नाही तर तुम्हाला कुठून माहीत असणार? म्हणजे तुम्ही सुटलात!"

वाद चांगलाच रंगला. आता शिंप्याचे हात कसे असतात, तोंड गिऱ्हाइकाशी बोलतं आणि हात आपले उसवत, कापत, दोरे खुडत बसतात. बोलता बोलता मास्तरांच्या हातांनी दोन्ही पिशव्या फाडल्या, चकतीची तार कात्रीनं कापली, चकती केराच्या डब्यात टाकली. चारही पंखांची टोकं वाकडीतिकडी दिसली, तीही नीट एकसारखी छाटली, कारण वाकडी कड मास्तरांना कधी खपली नाही. आणि दोन्ही कोंबड्या जुन्या परातीत, थंड पाण्यात, शेजारी शेजारी ठेवल्या.

बॅरिस्टर म्हणाला, "बरं, तुमची ती खात्रीची कोंबडी कुठली, तीच करा मग."

मास्तरांनी परातीकडे बघितलं. मग परत बघितलं.

"थांब जरा," ते म्हणाले.

त्यांनी एक उलटी केली, दुसरी उलटी केली. दोन्ही पांढऱ्याफटक, दोन्ही सारख्याच जाड. तारेनं पंखाला भोक पडलं असणार म्हणून पंख बघितले, तर टोकं सफाईनं उडवलेली. केराच्या डब्यातून चकती काढली, निळ्या स्टिकरची पिशवीही काढली. पुरावे सगळे हजर होते, फक्त कोणाचे ते सांगता येत नव्हतं. आधी डाव्या हाताची पिशवी फोडली की उजव्या? टोपी वर सारली, खाली ओढली, काहीही आठवेना.

"अरे देवा," मास्तर म्हणाले. "मी काय करून बसलो रे हे!"

फोनवर बॅरिस्टर खो खो हसायला लागला. हसू आवरल्यावर हळूच म्हणाला, "दाजी, ऐका माझं. एक उचला आणि शिजवा. शंभरातले पन्नास टक्के तर तुमच्या बाजूनं आहेत. चकती काढून टेबलावर ठेवा. पोरीनं विचारलं तर दाखवा आणि हो म्हणा. कोण बघायला आलंय?"

मास्तरांनी फोन ठेवून दिला.

घड्याळात दुपार टळली होती, दुकानं बंद झालेली. नवं पातेलं ओट्यावर चकचकत होतं. मास्तरांनी एक कोंबडी उचलून पातेल्यावर धरलीसुद्धा. तिच्यातून पाणी टपकायच्या आत त्यांनी ती परत परातीत टाकली. मोह झाला नाही असं नाही. भयंकर झाला. लेक विचारणार, "बाबा, खात्रीची आहे ना?" आणि आपण हो म्हटलं की ती पुढं एक शब्द विचारणार नाही, डोळे मिटून खाणार. नेमकं तेच त्यांना सहन होईना. तिनं जेवावं म्हणून जीव तुटत होता, पण फसवून जेवू घातलं तर ती जेवली असं कसं म्हणायचं? आणि न जेवता परत गेली तर? पुन्हा ते डबे, पुन्हा त्या कागदी ताटल्या? मास्तर खुर्चीवर बसले आणि म्हातारपणी लहान पोरासारखे रडले.

मग उठले, दोन्ही कोंबड्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन आले. त्यांना कोशेरचं काही देणंघेणं नव्हतं, त्या खूश झाल्या. हात स्वच्छ धुऊन मास्तरांनी नव्या पातेल्यात बटाटे आणि गाजरं शिजवली. ती थोडी करपलीही.

संध्याकाळी लेक-जावई आले. जावयाच्या हातात पिशवी होतीच, डब्यांची. मास्तरांनी त्यांना बसूही दिलं नाही, दारातच सगळं सांगून टाकलं. कॅलेंडर, निळा स्टिकर, गुरुजी, बॅरिस्टर, कात्री, परात. "शेवटी कुठली कुठली ते मला कळलं नाही गं," ते म्हणाले. "म्हणून दोन्ही देऊन टाकल्या. जेवायला नुसते बटाटे आहेत. चुकलं माझं."

लेक हसायला लागली. पंखांची टोकं छाटल्याचं ऐकून तर ती भिंतीला टेकून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "आई असती तर तुमची काही खैर नव्हती," ती म्हणाली.

जावई मात्र हसला नाही. त्याला हसायला तसा वेळच लागायचा. "नव्या भांड्यांना त्या कोंबड्या लागल्या?" त्यानं विचारलं.

"नाही. परात जुनी होती. पातेल्यावर एक धरली होती, पण थेंबही पडला नाही."

हे शेवटचं मास्तरांनी कशाला सांगावं! कोणी विचारलं होतं का? पण तोंडातून निघून गेलं.

सगळे टेबलाशी बसले. प्रार्थना झाली, सणाच्या रिवाजाप्रमाणे सफरचंद आणि मध झाला. मास्तरांनी बटाट्यांचं पातेलं मधोमध ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसले. कोणाला वाढायचं त्यांचं धाडस होईना.

"तेल कुठलं वापरलंत?" जावयानं विचारलं.

मास्तर लगबगीनं उठले. "आणतो, बाटली आणतो. तिच्यावर कोशेरचं चिन्ह आहे, तू बघ, आणि झाकणाचं सीलही मी ठेवलंय—"

"बसा बाबा," जावई म्हणाला. "बाटली नको. तुम्ही नुसतं सांगा."

मास्तर परत खुर्चीवर टेकले. मग त्यांनी सांगितलं, कुठलं तेल ते.

"बरं," जावई म्हणाला, आणि त्यानं आपलं ताट पुढं केलं.

लेकीनं तर केव्हाच वाढून घेतलं होतं. तोंडात भला मोठा बटाटा होता, गाल फुगले होते, आणि ती हातानंच खूण करत होती की बाबा, गाजरंही वाढा.