उबेच्या खोलीतले कासव

लोकांना घाम फोडणे हे माझे आयुष्यभराचे काम. तरी घाबरू नका मित्रांनो, मी गणिताचा पेपर नाही. मी एक जुना शेकतंबू आहे.

माणूस गादीवर आडवा झाला की मी त्याच्या अंगावर कमानीसारखा बसायचो. मानेपासून पावलांपर्यंत तो माझ्या पोटात आणि डोके तेवढे बाहेर, गार हवेत. माझ्या अस्तरातल्या पट्ट्या तापायच्या आणि अंग हळूहळू शेकून निघायचे. असा माणूस हुबेहूब कासवासारखा दिसतो. खरे तर कासव तो, पण नाव मात्र मला पडले.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. कारागिराने माझ्या बरगड्या वाकवल्या आणि शिलाईवाल्या मावशींनी माझ्या कापडाला दुहेरी टीप घातली. "आत माणूस झोपणार आहे, बटाटे नाही," असे त्या सगळ्यांना बजावायच्या. मला तपासायला मालक स्वतः आत शिरले आणि चक्क घोरू लागले. मी पास झालो.

तिथून मी एका इस्पितळात आलो. मला वाटले, आता दुखऱ्या पाठी आणि आखडलेले गुडघे येणार. पण माझ्या खोलीत यायची ती नैराश्याने आजारी असलेली माणसे. नैराश्य म्हणजे नुसते वाईट वाटणे नव्हे. उठायला हवे हे कळते, पण उठवतच नाही. अशा माणसांना आधी शेक द्यायचा आणि मग बोलते करायचे, या दोन्हींचा मिळून किती उपयोग होतो ते डॉक्टर तपासत होते. "ही जादू नाही, आणि औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत," असे ते प्रत्येकाला सांगत.

शेक चालू असताना सिस्टर उशाशी बसायची. कपाळावर गार पट्टी ठेवायची, अंगातला ताप मोजायची, पाणी पाजायची. शेक संपला की माणूस अंग पुसून खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा. समोरच्या खुर्चीत मॅडम असायच्या. त्यांचे काम बोलते करण्याचे.

एकदा एक बेकरीवाले काका आले. आले म्हणजे त्यांच्या ताईंनी त्यांना दंडाला धरून आणले. कित्येक महिन्यांत त्यांनी भट्टी पेटवली नव्हती. मला पाहून ते म्हणाले, "जन्मभर भट्टीसमोर उभा राहिलो. आता इथे येऊन भट्टीतच शिरू?"

"या भट्टीत डोकं बाहेर ठेवायचं असतं काका," सिस्टर म्हणाली.

शेक त्यांना मानवला. त्या रात्री झोप लागली, दुसऱ्या दिवशी पोटभर जेवले. पण खुर्चीत बसले की मॅडमच्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर. "बरं आहे." झोप कशी आहे? बरं आहे. मनात काय चाललंय? बरं आहे. दर वेळी हेच. मग काका आणि ताई यायचेच बंद झाले.

परत आले तेव्हा काकांचा चेहरा पार उतरला होता. ताईंनी स्वतःच सांगून टाकले, "बोलणं तर हा बोलतच नाही. लागते ती ऊबच ना? मग घरची भट्टी काय वाईट? रोज दुपारी पेटवून ह्याला शेजारी स्टुलावर बसवत होते. काल घेरी येऊन पडला."

डॉक्टर चांगलेच रागावले. "भट्टीला ताप मोजता येतो का? पाणी पाजता येतं का?" ताई मान खाली घालून बाहेर जाऊन बसल्या. त्या दिवशी शेक दिलाच नाही. सिस्टरने फक्त कपाळावर गार पट्टी ठेवली आणि थोड्या वेळाने काका खुर्चीत जाऊन बसले.

मॅडमनी विचारले, "तुम्ही तर बेकरीवाले. ताईंचं काय चुकलं असेल?"

"पीठ उबेत ठेवलं की फुगतं," काका म्हणाले. "पण फुगल्यावर त्याला हात लावावा लागतो. तसंच ठेवून दिलं तर बसतं. आंबून जातं."

"आणि इथे?"

"इथे मीच हात लावू दिला नाही." मग त्याच आवाजात पुढे म्हणाले, "सकाळ होऊच नये असं वाटतं मला. रोज."

पट्टी पिळणारा सिस्टरचा हात थांबला. मॅडम मात्र दचकल्या नाहीत. "जीव द्यावासा वाटतो का?" त्यांनी सरळ विचारले.

"कधी कधी."

"सांगितलंत ते फार बरं केलंत. हे आत्ताच डॉक्टरांना सांगू. आणि ताईंनाही. चालेल?"

काकांनी मान हलवली. ताई आत आल्या, त्यांनी सगळे ऐकले. म्हणाल्या, "अरे, मला वाटलं तू माझ्यावर रागावलायस."

"रागावायलाही अंगात काहीतरी लागतं, ताई."

ताईंनी पदर डोळ्याला लावला आणि त्याच खोलीत बसून राहिल्या. पुढे कितीतरी दिवस त्यांनी काकांना एकटे सोडले नाही.

मित्रांनो, त्यानंतर सगळे झटपट छान झाले, असे मी सांगणार नाही. आधी शेक, मग बोलणे, असे पुष्कळ दिवस चालले. एखाद्या दिवशी काका पुन्हा "बरं आहे"वर यायचे. पण एका सकाळी नाडी बघताना सिस्टर थबकली. काकांच्या नखांत पीठ होते.

"थोडेच पाव केले. निम्मे करपले," काका म्हणाले.

"करपलेले माझ्या वाट्याला आले," ताई म्हणाल्या. सिस्टर इतकी हसली की नाडी पुन्हा मोजावी लागली.

मी मात्र थकत गेलो. चेन अडकू लागली, तापणाऱ्या दोन पट्ट्या गेल्या. नवा, चकचकीत तंबू आला आणि मला अडगळीच्या खोलीत टाकले. शेजारी मोडका वजनकाटा आणि एक लंगडी खुर्ची. उंदरांनी अस्तर कुरतडले, मावशींची दुहेरी टीप तेवढी शाबूत आहे.

परवा काका तपासणीला आले होते. सिस्टर इथे काही शोधत होती, तिच्यामागून तेही आत डोकावले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय कासवा, बरं आहे ना?"

मला बोलता आले असते तर मीही "बरं आहे" असेच म्हणालो असतो. पण काका गेले नाहीत. त्यांनी रुमालाने माझ्यावरची धूळ पुसली, लंगडी खुर्ची ओढली, तोल सावरत बसले आणि म्हणाले, "हं. आता खरं सांग."

मित्रांनो, माझी चेन कोणी दुरुस्त केली तर आवडेलच मला. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरात कोणी सारखे "बरं आहे, बरं आहे" म्हणत असेल, तर जाऊ नका. खुर्ची ओढा.