उभ्या शेळ्यांची रीत

“वीस डोकी, छप्पन्न पाय. शेळ्या किती, कोंबड्या किती?”

अण्णाराव सरांनी खडू ठेवला आणि कीर्तनकार आख्यानाला लागतो तसे दोन पावलं पुढे आले. “समीकरण नको. सगळ्यांना बाभळीखाली न्या. पाल्यासाठी शेळी पुढचे दोन पाय खोडावर टाकून उभी राहते. मग जमिनीवर प्रत्येकाचे दोनच पाय, विसांचे चाळीस. वर गेले सोळा. म्हणजे शेळ्या आठ, कोंबड्या बारा.”

माढा-बार्शीची मुलं सोलापुरात सरांच्या शिकवणीला येत ती यासाठीच. वह्यांत या रीतीचं नाव ‘अण्णाराव पद्धत’ असं होतं.

या आठवड्यात आलेली संस्कृती खिडकीपाशी बसली होती. तिच्या घरी शेळ्या-मेंढ्या होत्या. “सर, तुमी शेळ्या राखल्या व्हय कदी?”

“गप की गं,” शेजारची अंकिता म्हणाली. “सरांचा जल्म हितंच गेलाय, मागावाल्यांच्या गल्लीत.”

“मग शेळी अशी उबी ऱ्हाती, हे सरांना कुणी सांगितलं?”

मुलं हसली. सरांच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं: मीच शोधलं. पण त्या हसण्याखाली त्यांना दुसरं हसू ऐकू आलं. गेली अकरा वर्षं हे गणित घातलं की ते यायचंच, आणि त्यात पहिला आवाज त्यांचा स्वतःचा असायचा. एकादशीला मठात अभंगाच्या शेवटच्या चरणात तो रचणाऱ्या संतांचं नाव आलं की सर मान खाली घालत. लोकांना ती भक्ती वाटे.

ते खुर्चीत बसले.

“शिवबाई नावाची मुलगी होती. तुझ्यासारखीच, धनगराची. हीच रीत तिनं उभं राहून सांगितली. मी म्हटलं, ‘बाई, हे गणित आहे, शेळ्या वळणं नव्हे. क्ष कुठं आहे तुझा?’ सगळे हसले. मी वहीवर लाल फुली मारली. उत्तर बरोबर होतं.”

“मग?” संस्कृतीनं विचारलं.

“दुसऱ्या दिवसापासून आली नाही. मीही चौकशी केली नाही. पुढच्या वर्षी तिची रीत माझी म्हणून शिकवायला लागलो.”

“आता कुटं हाय ती?”

“घरच्यांनी लग्न लावून दिलं. पहिल्या बाळंतपणात गेली.” सरांचा आवाज उतरला. “मला फार उशिरा कळलं.”

मग अंकितानं वहीतलं ‘अण्णाराव पद्धत’ खोडलं आणि हळूच विचारलं, “सर, पूर्ण नाव सांगा की. नीट लिहितो आमी.”

सर उठले. फळ्यावर त्यांनी ‘शिवबाई’ लिहिलं आणि खडू तिथंच टेकवून उभे राहिले. ती चार महिने या खोलीत बसली होती. आडनाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

मागं तीस मुलं पेनं धरून पुढच्या शब्दाची वाट पाहत होती.