मागच्या सीटपर्यंतचं अंतर

नव्या गाडीचं मागचं दार लागल्याचा आवाज मला दार लागल्यानंतर थोड्या वेळाने ऐकू येतो. आरशात दार बंद झालेलं दिसतं, काचेतलं झाडाचं प्रतिबिंब हलायचं थांबतं, आणि मग तो आवाज येतो. जाड, मऊ, उशीवर पुस्तक ठेवावं तसा. पहिल्या दिवशी हा उशीर साधारण अर्ध्या सेकंदाचा होता. हवेतला आवाजाचा वेग धरला, तर मागचं दार माझ्यापासून पावणेदोनशे मीटरच्या आसपास होतं.

दार लावलं होतं ताईने. ताई म्हणजे हेमलता, माझी मोठी बहीण. गाडी ताब्यात घ्यायला ती माझ्याबरोबर शोरूममध्ये आली होती. तिथल्या मुलीने केक आणला, तेव्हा ताई म्हणाली, "अगं, वाढदिवस आहे का गाडीचा? नारळ कुठाय?" नारळ तिने पिशवीतून स्वतःच काढला. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ओवाळलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मी माझ्यापुरती समजूत करून घेतली की टायर चांगले आहेत की नाही ते असंही कळतं.

मग ताई मोठी म्हणून, मानाने, मी तिच्यासाठी मागचं दार उघडून धरलं. ती चूक होती. आमच्या घरात नव्या गाडीत पहिल्या दिवशी जो जिथे बसतो, तीच त्याची जागा होते; वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या स्कूटरपासून हे असंच चालत आलं आहे. पुढची जागा घरच्या माणसाची, मागची पाहुण्याची. ताईने क्षणभर पुढच्या दाराकडे पाहिलं आणि मागे जाऊन बसली.

"केवढी बुटकी आहे गं," ती म्हणाली. "गाडीत बसले की पाटावर? उठवायला दोन माणसं लागतील."

गंगापूर रोडला वळल्यावर तिने विचारलं, "शरू, मी तुझ्याकडे राहायला येऊ का?"

कॉलेज रोडवरची तिची इमारत पुनर्विकासाला जाणार होती. बाकीची बिऱ्हाडं हलली होती. भावोजी जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचा मुलगा कौस्तुभ ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. त्याने तळेगावच्या एका वृद्धनिवासात तिच्या नावाने खोली बघून ठेवली होती. ताई कोणतीही गोष्ट एकदाच मागते. नाही मिळाली तर ती नकोच होती असं वागते, आणि ते इतकं चांगलं वागते की आपल्यालाही पटतं.

मी वीस वर्षं एकटी राहते. माझ्या घरात वस्तू मी ठेवते तिथेच सापडतात. संध्याकाळी फ्रिजचा आवाज बंद पडला, तर तो बंद पडल्याचं मला कळतं. ताई आली तर हे ऐकू येणार नाही. हे ऐकू येऊ नये असंही मला कधीकधी वाटतं.

"बघू," मी म्हणाले.

गाडी उत्तम आहे. स्टिअरिंगला नेमका तेवढाच जडपणा आहे. ॲक्सिलरेटर दाबला की पाठीवर कुणीतरी तळहात ठेवून पुढे सरकवल्यासारखं वाटतं. स्पोर्ट मोडमध्ये सस्पेन्शन कडक होतं, आणि आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळच्या स्पीडब्रेकरवर पोट घासतं. आतली शांतता विलक्षण आहे. बाहेरून ट्रक जातो तो चित्रातल्यासारखा जातो.

दुसऱ्या आठवड्यात ताई आली, तेव्हा मागच्या दाराचा आवाज यायला इतका वेळ लागला, की तोवर मी सोसायटीच्या बाहेर पडून सिग्नलला पोचले होते. मी प्रयोगशाळेत उपकरणं तपासण्याचं काम करते, त्यामुळे घाईने निष्कर्ष काढत नाही. एकतर गाडी लांबत होती, किंवा आतला आवाजाचा वेग कमी होत होता. समीकरण एक आणि अज्ञात दोन. मी टेप घेऊन गाडी बाहेरून मोजली. माहितीपुस्तिकेत दिली आहे तेवढीच भरली. मग आत बसून आरशात ताईकडे पाहिलं. ती मला सुपारीएवढी दिसली; पण तेवढ्या अंतराला इतका उशीर लागायला नको होता. म्हणजे दोन्ही होत होतं.

मी जमिनीवर टेप धरून बसलेले असताना वरच्या मजल्यावरचे टिळेकर आले.

"काय मॅडम, नवी गाडी! एकटीला एवढी मोठी?"

"आतून मोठी आहे," मी म्हणाले.

"किती देते?"

"पुढच्या भागाला अकरा. मागचं अजून काढलं नाही."

"हायवेला न्या एकदा, मोकळी होईल," टिळेकर म्हणाले आणि टायरवर हलकी लाथ मारून निघून गेले.

दर रविवारी मी ताईला फिरवायला नेत असे. त्र्यंबकच्या रस्त्याला जात असू. आता आमचं बोलणं मागेपुढे व्हायला लागलं. मी विचारलं, "एसी कमी करू का?" तिकडून आलं, "छे गं, त्याने काय होतंय, भरपूर साखर घातलीये." हे मी आदल्या रविवारी तिच्या लिंबू सरबताबद्दल जे विचारलं होतं, त्याचं उत्तर होतं. पुढच्या रविवारी आलं, "कर बाई, कुडकुडतेय कधीची. लोणच्याच्या बरणीसारखी थंडीत ठेवलीयेस मला." तोवर पावसाळी उकाडा सुरू झाला होता आणि एसी मी केव्हाच बंद केला होता.

ती हसत असे, आणि मला ते हसू पेट्रोल भरताना ऐकू येई. पंपावरचा माणूस माझ्याकडे पाही. मी काच वर करी.

इमारतीचं पाणी तोडलं, तेव्हा ताई सामान घेऊन मागच्या सीटवर राहायला आली. तिने मला विचारलं नाही. विचारायचं ते तिने आधीच विचारलं होतं. एक लोखंडी ट्रंक, कुकर, भावोजींचा फोटो आणि दोन गाद्या एवढंच तिने आणलं. तिचा फोन मात्र माझ्याजवळ पुढे राहिला, कारण मागचं चार्जिंग तिला जमत नव्हतं. "तूच उचल कुणाचा आला तर," ती म्हणाली होती. "मला कोण करतंय, गॅसवाल्याशिवाय?"

मी सकाळी खाली येऊन मागचं दार बाहेरून उघडलं. चहाचा थर्मास आणला होता. आत फक्त सीट होतं, बेज रंगाचं, दोन्ही बाजूंना शिलाई. ताई त्या सीटच्या पलीकडे होती आणि बाहेरून दिसत नव्हती. मी थर्मास सीटवर ठेवला. संध्याकाळी तो रिकामा आणि धुतलेला होता.

वास आवाजाहूनही हळू येतो. ताई पोहे करायची, आणि मोहरी-कढीपत्त्याचा वास माझ्यापर्यंत दोन आठवड्यांनी, मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये शिरताना यायचा. मी डबा न उघडता तिथेच बसून राहायचे. तेवढा वेळ गाडीत दोघीजणी आहोत असं वाटायचं.

मागे वाढत होतं त्याचा थोडा हिस्सा पुढून जात होता. प्रथम माझ्या शेजारचं पुढचं सीट अरुंद झालं. शाळकरी पोर बसेल एवढं झालं, मग पर्स राहील एवढं. ते सीट एरवीही रिकामंच होतं, म्हणून मी सुरुवातीला नोंद घेतली नव्हती. नंतर माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले. मी सीट मागे घेण्याचं बटण दाबलं. मोटरचा आवाज झाला आणि सीट आणखी पुढे आलं.

मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या इंजिनिअरने पुढच्या सीटवर हात फिरवला.

"इथे कुणी बसतं का, मॅडम?"

"नाही."

"न वापरलेलं सीट आत जातं," तो म्हणाला. "या मॉडेलला आहे तसं. कुणाला तरी बसवा. पूर्ण आत गेलं की आम्हाला काढता येत नाही."

"किती वेळ आहे?"

"तुम्ही बसवताय कुणाला त्यावर आहे." त्याने माझी गाडी फुकट धुऊन दिली.

त्या दिवशी मी फाटकापाशी येऊन थांबले आणि "ताई" म्हणाले. पुढचं वाक्य माझं तयार होतं. पण वाक्य पोचेल, ती विचार करेल, तिचं उत्तर निघेल आणि इथे येईल, तोवर मी त्या वाक्याशी एकटीच घरात राहणार होते. त्याची मला भीती वाटली. मी म्हणाले, "ताई, साखर संपली असेल तर सांग."

काल दुपारी मी गाडीत असताना ताईचा फोन वाजला. मी उचलला. माझा हात आता कोपरापासून वळत नाही, त्यामुळे तो गुडघ्यावर ठेवूनच बोलले.

"मावशी, आई कुठेय?" कौस्तुभने विचारलं.

"मागे आहे."

"तिला दे ना."

"लांब आहे रे."

"मावशी, तळेगावच्या खोलीचं त्यांना आज कळवायचंय. आईला इमारत सोडायच्या आधी कितीदा विचारलं, तर म्हणायची, शरूचं काय ठरतंय ते बघू, तिला घाई करू नकोस. ती लहानपणापासून अशीच, म्हणायची, भेळ घ्यायची की कुल्फी यात जत्रा संपायची." तो थांबला. "तुझं काय ठरलंय, मावशी?"

मी डावीकडे पाहिलं.

"मग मी त्यांना हो सांगू?"

माझ्या डाव्या बाजूला सीट आता वहीच्या कडेएवढं उरलं होतं. शिलाई मात्र पूर्ण होती.

"थांब," मी म्हणाले. फोन हातातून खाली घसरला आणि पायांपाशी गेला, जिथे आता मला वाकता येत नाही. तो तिथून "मावशी, मावशी" करत राहिला.

तेव्हा मागून ताईचा आवाज आला. तो केव्हा निघाला होता मला माहीत नाही. त्यात दमल्याची धाप नव्हती, उलट सामान आवरून झाल्यावर असतो तसा मोकळेपणा होता.

"शरू, अगं गंमत ऐक. मी मागे मागे गाद्या सरकवत आले, तर इथल्या काचेतून तळेगावची पाटी दिसतेय. अगदी समोर. मी आपली इथूनच उतरते. तुला उगीच घाटातून गाडी काढायला नको, पोट घासतं तिचं. थर्मास सीटवर ठेवलाय. झाकण सैल आहे, जपून घे."

मी आरशात पाहिलं. प्रकाशाला उशीर होत नाही, त्यामुळे आरशात दिसतं ते आत्ताचं असतं. फार दूर, तिळाएवढी, पाठमोरी ताई चालली होती. तिने ट्रंक नेली नव्हती. एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या काखेत फोटो. तिच्या पुढे एक दार होतं आणि त्या दाराच्या फटीतून ऊन आत आलं होतं.

छत माझ्या डोक्याला टेकलं होतं. पुढची काच इतकी जवळ आली होती की पापण्या तिला लागत होत्या. मी श्वास घेतला, तो अर्धाच आत मावला.

"ताई, माझ्याकडे ये," मी मोठ्याने म्हणाले. "राहायला ये. पुढे बस."

शब्द समोरच्या काचेवर वाफेच्या ठिपक्यासारखे उमटले. ठिपका क्षणभर थांबला, मग काचेवरून उजवीकडे सरकला, माझ्या खिडकीवर गेला, तिथून मागच्या खिडकीवर, आणि त्या खिडकीमागे आता ज्या खिडक्याच खिडक्या होत्या त्यांवरून मागे मागे जाऊ लागला. मी त्याचा वेग डोळ्यांनी मोजला. माणूस चालतो तेवढाच होता.

ताईही चालतच होती.