ऊन की उना

जळगावात उन्हाळा दोन ठिकाणी साठवलेला असतो, असं लोक म्हणत. एक आभाळात आणि दुसरा गिरधर आबांच्या तोंडात. ऐन पौषात आबांनी मे महिन्याची गोष्ट काढली की ऐकणारा गळ्यातला मफलर सोडून वारा घ्यायचा. यावलकडची केळीची बाग भाच्याच्या हवाली करून आबा बायकोला घेऊन जळगावात राहायला आले, तेव्हा सामान एका टेम्पोत मावलं. उन्हाच्या गोष्टी मात्र मागून येतच राहिल्या.

एका साली म्हणे ऊन असं पडलं की जामनेरच्या बाजारात कांद्याच्या राशीला आपोआप फोडणीचा वास सुटला आणि हमाल भाकऱ्या सोडून राशीभोवती बसले. दुसऱ्या साली सावल्यांचेच पाय पोळायला लागले, म्हणून त्या निंबावर चढून बसल्या. "खाली उतरा म्हटलं तर उतरेनात," आबा सांगायचे. "शेवटी मीच माझी चप्पल दिली एकीला."

या गोष्टींवर सुमनबाई, म्हणजे आबांची बायको, जन्मभर एकच शब्द बोलल्या. "खोटारडा." पण मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली आणि तेवढाही शब्द गेला. डॉक्टर म्हणाले, हात आणि जीभ दोन्ही चालती ठेवा, नाहीतर जे उरलंय तेही जाईल. आता न बोलणाऱ्या माणसाला बोलतं कसं करायचं? आबांनी सगळ्या गोष्टी सांगून पाहिल्या. त्यांना कुणी खोटारडा म्हणेना. त्यांच्या जन्मात एवढी मोठी हार झाली नव्हती.

मग त्यांची लेक चारुलता, जी धुळ्याला दिलेली, ती येताना काचेची टाकी आणि एक मासा घेऊन आली. फ्लॉवरहॉर्न का कायसं नाव. अंगाने तांबूस, आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ, जणू फेटा बांधलाय. आबांनी त्याला पाहताक्षणी 'नवरदेव' करून टाकलं. सुमनबाईंची खुर्ची टाकीला लावली. एके सकाळी त्यांनी उजवं बोट कसंबसं उचलून काचेला टेकवलं. नवरदेव थेट बोटापाशी आला आणि सुमनबाईंच्या तोंडून निघालं, "उना."

आबा अंगणात जाऊन रडून आले आणि परत येऊन म्हणाले, डोळ्यात कचरा गेला.

हा शब्द त्यांच्या घरात फार जुना. सुमनबाई धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. त्यांच्याकडे 'आला' म्हणायचं तर 'उना' म्हणतात. लग्न होऊन यावलकडे आल्या तेव्हा दारात पाहुणा बघून त्यांनी आत हाक दिली, "पाव्हना उना!" सासूला कमी ऐकू यायचं. तिने ऐकलं 'ऊन', आणि आनंदाने पापडांचं वाळवण अंगणात पसरलं. पाहुणा पापड तुडवत घरात आला. आबांच्या गोष्टींमध्ये खरी अशी ही एकच, आणि हीच कुणाला खरी वाटायची नाही.

तर असं चाललं. सकाळ झाली की बोट काचेला, नवरदेव बोटापाशी, आणि "उना." पावसाळ्यापर्यंत बोटं मिटायला लागली. डॉक्टर म्हणाले, माशाला जपा.

जपणं म्हणजे काय, यावर भंवरलालशेठ आणि आबांचं जुंपायचं. शेठचं दुकान कूलर आणि गिझरचं. एका कोपऱ्यात त्यांची नात पलक हिने माशांच्या टाक्या मांडल्या होत्या. जैनाच्या दुकानात मासे, म्हणून आबा चिडवायचे. शेठ शांतपणे सांगायचे, "जगवणाऱ्यालाच देतो आम्ही. खाणाऱ्याने पुढच्या गल्लीत जावं." दिवाळी उलटली तसे शेठ म्हणाले, "आबा, टाकीत हीटर टाका. हा मासा उष्ण पाण्यातला आहे."

"हीटर? जळगावात?" आबांनी चारी बाजूंना बघून घेतलं, कुणी ऐकलं तर नाही ना. "शेठ, उद्या तुम्ही मला तापी नदीला पंखा विकाल."

"मे महिन्यात नाही म्हणत मी. थंडीत टाका. तुम्ही केळीला थंडीत धूर करत होतात की नाही? रातचं विहिरीचं ऊन पाणी देत होतात की नाही?"

"केळी नाजूक हो. आमचा नवरदेव गडी आहे."

शेठ हसले नाहीत. "गडी तर गडी. पण मासा तुमच्या गप्पांवर नाही तापत, आबा."

हे आबांना लागलं. घरी आल्यावर त्यांनी खिडकीतला कूलरही काढला नाही. तसा ते तो कधीच काढत नसत. कूलर उतरवला म्हणजे उन्हाळा संपला असं कबूल केल्यासारखं व्हायचं. त्यावर नुसतं गोणपाट टाकायचे. आणि टाकी होती बरोबर त्याच्या समोर.

त्या पौषात सातपुड्यावरून असं वारं सुटलं की केळीची पानं काळी पडली. गोणपाटातून ते वारं गाळून, अगदी निवडून, टाकीवर यायचं. नवरदेवाचा रंग उतरला. फेटा बसला. तो तळाच्या खड्यांवर अंग टाकून राहू लागला. सुमनबाई बोट काचेला लावायच्या, तो कल्ले हलवायचा, पण उठायचा नाही. आणि सुमनबाई म्हणायच्या, "ऊन… ऊन…"

"येईल गं," आबा म्हणायचे. "उना म्हणतेस ना? येतोच तो. नवरदेव आहे, रुसायचा जरा."

"ऊन," त्या पुन्हा म्हणायच्या. डोळ्यांत पाणी यायचं. आबांना वाटायचं, मासा येत नाही म्हणून रडतेय बिचारी. मग ते तिला सावल्यांची गोष्ट सांगायचे. त्या मान फिरवून कूलरकडे बघत बसायच्या.

चारुलताचा फोन आला. चेहरा दिसणारा फोन. आबांनी तो सुमनबाईंपुढे धरला.

"माय, कशी शे तू?"

"ऊन… पानी."

पलीकडे चारुलताने फोन कानाजवळ ओढला. "आबा, माय हे कधीपासून म्हणतेय?"

"रोजच. नवरदेवाला बोलावते. उना, उना."

"आबा, ती 'उना' नाही म्हणत. 'ऊन' म्हणतेय. ऊन पाणी. गरम पाणी द्या म्हणतेय त्याला! दोन शब्द वेगळे आहेत, तुम्हाला एवढ्या वर्षांत कळत नाहीत?"

आबांनी टाकीत हात घातला. इतक्या दिवसांत सगळं केलं, पाण्याला हात लावून बघायचं तेवढं राहिलं होतं. हात मनगटापर्यंत बधिर झाला.

डोक्याला काही न बांधता ते दुकानात गेले. शेठनी तोंडाकडे बघितलं आणि न विचारता हीटर काढून दिला. काचेची नळी, आत तार, वर लाल दिवा. वाटेत आबा एकाही ओळखीच्या माणसाशी बोलले नाहीत, आणि याचं लोकांना थंडीपेक्षा जास्त नवल वाटलं.

दिवा लागला. दुपारपर्यंत पाणी कोमट झालं. आबांनी सुमनबाईंचा हात धरून पाण्याला लावला. "हे बघ. ऊन शे. आता ऊन शे." नवरदेव तळावरून हळूहळू वर निघाला. तो वर आला, आडवा झाला, आणि पंपाच्या बुडबुड्यांनी ढकलला जात बरोबर सुमनबाईंच्या बोटापाशी येऊन लागला.

आबांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं. निदान आता तरी चुकावं तिने, असं त्यांना वाटलं. पण सुमनबाई 'उना' म्हणाल्या नाहीत. त्यांनी बोट काढून घेतलं, डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

चारुलताने दुसरा मासा आणला, अगदी तसाच. तो येऊन काचेला टेंगूळ घासायचा. सुमनबाईंचा हात उठेना. आठवड्याभरात चारुलता तो परत घेऊन गेली. टाकी आबांनी काढू दिली नाही. पाणी भरलेलं, हीटर लावलेला. कूलर मात्र त्यांनी उतरवला.

मे महिना आला आणि जळगाव नेहमीसारखं भाजून निघालं. टाकीतलं पाणी आपणच इतकं तापलं की हीटरचा लाल दिवा दिवसचे दिवस लागला नाही. आबा रोज वाकून बघायचे. एका संध्याकाळी भंवरलालशेठ दोन पाहुण्यांना घेऊन आले. आबांची एखादी गोष्ट निघाली तर घरात आवाज होईल, हा त्यांचा हेतू.

"सांगा आबा," शेठ म्हणाले, "यंदाचं ऊन कसं काय?"

खुर्चीतल्या सुमनबाईंनी मान वळवली. कितीतरी महिन्यांनी त्यांचा उजवा हात मांडीवरून सुटला, वर गेला आणि एक बोट मासा नसलेल्या टाकीच्या काचेला टेकलं. तिथेच थांबलं. त्या पाण्यात बघत राहिल्या.

पाहुणे वाट बघत होते. बाहेर डांबर वितळून रिक्षांची चाकं चिकटत होती.

"यंदा तसं काही नाही," गिरधर आबा म्हणाले. "यंदा पडलंच नाही."