पाठीवरचं फुलपाखरू

ध्रुवाकडच्या गोठत्या समुद्रात देवानं झिंग्यासारखा एक इवलासा जीव घडवलाय. त्याच्याकडे स्वतःचं काही नाही. ना विष, ना धड कवच. मग हा पठ्ठ्या काय करतो, तर समुद्री फुलपाखरू म्हणतात तसली एक कडूजहर गोगलगाय धरतो, पाठीवर घेतो आणि निर्धास्त हिंडतो. मासा तोंड मारतो, थुंकून टाकतो, दोघंही वाचतात. फक्त फुलपाखराला तिथं ना खाता येतं, ना सुटता येतं. भगवंताची लीला अगाध, आणि विभागप्रमुखांची त्याहून अगाध.

या जिवावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेतले हे विभागप्रमुख आपल्या हाताखालच्या तरुण संशोधिकेला प्रत्येक बैठकीला बरोबर न्यायचे. अडचणीचा प्रश्न आला की म्हणायचे, "ते हीच सांगेल." शाबासकी आली की मात्र 'ही' कुणाला दिसायची नाही.

आज समिती आली होती. संशोधिकेची नोकरी कायम करायची की नाही, ते आजच्या प्रयोगावर ठरणार होतं. प्रयोग सोपा. उपाशी माशाला आधी खाद्याची साधी गोळी, मग फुलपाखराच्या अर्काची. पहिली गिळली, दुसरी थुंकली, की अर्कानंच मासा हटतो हे सिद्ध.

तिनं साधी गोळी टाकली. माशानं तोंडात घेतली आणि थुंकली. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसऱ्यानं तोंड उघडायचीही तसदी घेतली नाही.

"साधी गोळीही कडू दिसतेय," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"ते हीच सांगेल," सर म्हणाले.

संशोधिकेनं टाकीत वाकून पाहिलं. माशांची पोटं तट्ट फुगलेली, तळाशी कालवांचे तुकडे. "सर," ती हळूच म्हणाली, "यांना कुणी खाऊ घातलं?"

"मीच, सकाळी," सर कुजबुजले. "अगं, पाहुण्यांपुढे मरतुकडे मासे बरे दिसतात का? तू म्हण, उपाशी ठेवायला विसरले. तुझं वयच आहे चुकायचं."

ती सरांच्या पुढ्यातून बाजूला झाली.

"मॅडम, ते सरच सांगतील."

सरांनी मागं पाहिलं, पुढं पाहिलं. आडोसा कुठंच नव्हता. शेवटी त्यांनी सांगितलं, कालवं किती ताजी होती तेसुद्धा.

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. "मासे उपाशी झाले की प्रयोग पुन्हा बघू. हिची नोकरी तेव्हाच ठरवू. आणि सर, तुम्ही नाही आलात तरी चालेल. टाकीची किल्ली तेवढी हिच्याकडे द्या."