लोखंडाचा भार उतरला

“उतरला! उतरला!” दीडशे माणसं एका सुरात ओरडली.

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा हॉल खच्चून भरला होता. मंचावर पुरुषभर उंचीचा वजनकाटा होता. त्याच्या घड्याळासारख्या तबकडीवर लाल सुई नव्वदवरून सरकत सत्त्याऐंशीवर येऊन थांबली. काट्यावरच्या मुख्याध्यापिका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

“शेवटचे तीन किलो तुमचे नसतातच!” हलकेमहाराज माइकवर गरजले. “पहिले उतरतात, कारण ते तुम्ही खाल्लेले. शेवटचे अडतात, कारण ते दुसऱ्यानं तुमच्यावर ठेवलेले. कुणाची नजर, कुणाचा राग, कुणाचं रडणं. डॉक्टर काय म्हणतो? चाला! अरे, दुसऱ्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन किती चालणार?”

लोक खदखदून हसले. महाराज स्वतः चांगले गरगरीत होते. लोकांचे भार अंगावर घेऊन घेऊन तसं झालं, असं त्यांची माणसं सांगत. काट्यावर मात्र ते कधी चढत नसत.

शेवटच्या रांगेत काटेवाला भिंतीला टेकून उभा होता. चाळीस वर्षं त्यानं गावातल्या दुकानांचे काटे दुरुस्त केले होते. शेजारी त्याची मुलगी चिठ्ठी मुठीत घेऊन बसली होती. चिठ्ठीवर आकडा होता : ब्याऐंशी.

मुलगी-जावई त्याच्याच घरी राहत, आणि हा आकडा सात आठवडे त्या घरात ठाण मांडून बसला होता. जावयाची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि परत आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. मुलीची किडनी त्याला जुळत होती. पण दूरच्या शहरातल्या सर्जननं फोनवर तिचं वजन विचारलं आणि सांगितलं, “शहाण्णव फार होतात. ऐंशीच्या आत आलात की या, मग पुढच्या तपासण्या.” मुलीनं चौदा किलो उतरवले. रोज दोन तास चालली, ताटातलं निम्मं केलं. आणि ब्याऐंशीवर सुई जी अडली ती अडलीच. मग तिनं उरलेलंही निम्मं केलं. जिना चढताना कठडा धरायला लागली. सुई हलेना.

“अप्पा, दोन किलो हो फक्त,” ती म्हणायची. “दोन किलोंसाठी माणूस जाईल माझा.”

महिन्यापूर्वी शेजारणीनं तिला इथे आणलं. महाराजांनी विचारलं, “घरात कोण गेलं?”

“आई. दीड वर्ष झालं.”

“मग तीच धरून बसलीय तुला, बाळ. सोडत नाहीये.”

त्या दिवशी या काट्यावर तिचे ब्याऐंशीचे एकोणऐंशी झाले. ती नाचत घरी आली, न्हाणीघरातल्या काट्यावर उभी राहिली. ब्याऐंशी. महाराज म्हणाले, भार परतला. एक्केचाळीस बैठका कर. तोवर दुसऱ्या कुठल्या काट्यावर पाय ठेवायचा नाही, दवाखान्याच्या तर नाहीच, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. आजची अकरावी बैठक होती. जावयाचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. घर म्हणजे दार न सापडणारी खोली झाली होती.

काटेवाला तिला अडवत नव्हता असं नाही. पण “आईनं धरलंय” हे वाक्य ऐकलं की तो चपला घालून घराबाहेर पडायचा.

आज तो नुसता आला नव्हता. पायाशी कापडी पिशवी होती. मागच्या बैठकीत त्यानं एक गोष्ट हेरली होती. काट्यावर चढण्याआधी प्रत्येकाला चिठ्ठी द्यावी लागे, ‘घरचं वजन’. चिठ्ठी आधी जायची महाराजांच्या मदतनीस ताईंकडे, त्या पडद्यामागे स्टुलावर बसत. काट्यानं वजन सांगावं म्हणून तर त्यावर चढायचं. मग त्याला आधी सांगायचं कशाला?

मुलीचं नाव पुकारायच्या आत तो पिशवी उचलून मंचावर चढला.

“अहो काका, रांगेनं या!” महाराज म्हणाले.

“माझं नाही, महाराज. हे माझ्या गेलेल्या बायकोच्या वेळचं आहे.” त्यानं बांधलेली पिशवी काट्यावर ठेवली. “घरी तेवीस किलो भरतं. तुम्हीच म्हणालात ना, ती धरून बसलीय? मला वाटतं, यालाच धरून बसली असेल.”

महाराजांनी एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा दीडशे ओल्या डोळ्यांच्या माणसांकडे. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं दिलेली ‘तेवीस’ची चिठ्ठी पडद्यामागे गेली.

सुई चढली. तेवीस.

महाराजांनी डोळे मिटले, हात फिरवला, फुंकर मारली. “सोड, माउली, सोड!”

बावीस. एकवीस. वीस.

“उतरला! उतरला!”

“उतरला खरा,” काटेवाला म्हणाला आणि त्यानं पिशवीची गाठ सोडली. आत काळंभोर लोखंडी वजन होतं. सरकारी शिक्का मारलेलं, वीस किलोचं. “सगळ्या गावानं पाहिलंय हे. कुणाच्याही काट्याला हात लावण्याआधी मी हे ठेवतो. हे वीसच भरतं. तेवीस मी थाप मारली. आणि महाराजांच्या काट्यानं माझ्या थापेला मान डोलावली!”

मागून भाजीवाली ओरडली, “म्हणजे लोखंडालाही नजर लागते का हो, महाराज?”

हसण्याचा असा स्फोट झाला की माइक शिट्टी मारू लागला. काटेवाल्यानं वाकून काट्याखालची चादर ओढली. तरफेला सायकलच्या ब्रेकची तार बांधली होती, ती पडद्यामागे ताईंच्या पायाखालच्या पट्टीपर्यंत गेली होती. काटा मुळातच कमी दाखवेल असा लावलेला. ताईंनी पट्टी दाबायची, सुई चिठ्ठीतल्या आकड्यावर आणायची, आणि महाराजांनी फुंकर मारली की पाय हळूहळू सैल सोडायचा.

“भार ताईंच्या पायात होता,” तो म्हणाला. “उतरला तो तिथून.”

महाराज बाजूच्या दारानं निघाले. मुख्याध्यापिका बाईंनी जाऊन त्या दाराला कडी घातली आणि दारासमोर खुर्ची टाकून बसल्या.

मुलगी मात्र हसत नव्हती. ती मंचावर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “म्हणजे मी ब्याऐंशीच. अकरा बैठका फुकट गेल्या. आता काय करू, अप्पा?”

हाताला येतं ते काम त्यानं केलं. तार सोडली, काट्याचा स्क्रू फिरवला, लोखंड ठेवून बरोब्बर वीस आणले. “चढ. एकदा खरं वजन बघू.”

ती चढली. सुई थरथरली आणि थांबली.

एकोणऐंशी.

“बघा!” गर्दीतून कुणीतरी किंचाळलं. “भार उतरलाच होता! महाराज खरे!” माणसं उठून उभी राहिली. कुणी हात जोडले. मुलगीही सुईकडे बघत हात जोडायला लागली.

काटेवाल्यानं वाकून सुई पुन्हा पाहिली. काटा आता खोटा नव्हता. मग खोटा कुठला होता? जगाचे काटे तपासणाऱ्यानं दीड वर्षात घरच्या काट्याला हात लावला नव्हता. न्हाणीघरात गेला तरी तो त्याच्याकडे पाहत नसे.

गप्प राहिलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. महाराज पुन्हा मंचावर बसले असते, एवढंच.

“चमत्कार नाही,” तो म्हणाला. गलका थांबेना, म्हणून माइक ओढून पुन्हा म्हणाला. “चमत्कार नाही हा. घरचा काटा खोटा आहे. मी केलाय.”

“अप्पा?”

“तुझी आई दर रविवारी त्यावर उभी राहायची. आजारानं झिजत होती. सुई खाली आली की दिवसभर बोलायची नाही. मी आतला स्क्रू थोडा थोडा फिरवत गेलो. तिला शेवटपर्यंत बावन्नच दिसले. खरी पन्नाससुद्धा नव्हती.” त्यानं नाक पुसलं. “म्हणायची, ‘बघा, टिकून आहे मी.’ ती गेल्यावर तो स्क्रू मागे फिरवायला हात धजला नाही. माणूस जड तसं त्याचं खोटंही जास्त. तुझ्या एकोणऐंशीचे तो ब्याऐंशी करतो. सात आठवड्यांपूर्वीच तू पोचली होतीस, बाळ. आईनं नाही धरलं तुला. मी धरलं.”

मुलगी काट्यावरून उतरली. मग म्हणाली, “लोखंड मी उचलते. तुमची कंबर दुखेल.”

दुसऱ्या दिवशी दूरच्या शहरातल्या दवाखान्याच्या काट्यानं एकोणऐंशीच दाखवले. सर्जननं तपासण्यांच्या तारखा दिल्या. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी आधी मुलीला पोटभर जेवायला सांगितलं. “अंग हलकं झालं की त्याला लागतंही कमी,” त्या म्हणाल्या. “म्हणून शेवटी शेवटी आकडा आठवडेच्या आठवडे बसून राहतो. सगळ्यांचा बसतो. त्यात कुणाची नजर नसते. घाबरून उपाशी राहायचं नाही, आम्हाला विचारायचं.”

घरी आल्यावर काटेवाला न्हाणीघरात गेला, काटा उलटा केला आणि तो स्क्रू मागे फिरवला. वेळ लागला. गंजला होता.

आता कुणी आकडा अडला म्हणून रडत आलं, की तो एवढंच सांगतो : फुंकर मारणाऱ्याकडे जाण्याआधी काटा तपासा. बाबाचा तपासा, दुकानदाराचा तपासा, आणि ज्यानं तुम्हाला जीव लावला, त्याचा तर आधी तपासा.